गाव आणि मजरा: कुर्दी खेड्याची लोकसंख्या शोधताना

तुर्कस्तानच्या पूर्वेकडच्या डोंगरांत एखादं कुर्दी खेडं नकाशावर ठळक दिसतं, पण सरकारी तक्त्यात त्याची लोकसंख्या काही केल्या सापडत नाही. बहुतेक वेळा कारण साधं असतं. ते खेडं ‘क्योय’ नसतं, ‘मेझरा’ असतं.

क्योय म्हणजे गाव, कुर्दीत ‘गुंद’. १९२४च्या ग्रामकायद्यानं २,००० पेक्षा कमी वस्तीच्या ठिकाणाला हे नाव दिलं. गावाला हद्द असते, निवडून आलेला मुख्तार, म्हणजे गावप्रमुख, असतो आणि त्याच्याकडे शिक्का असतो.

मेझरा हा शब्द आपल्याला परका नाही. चंदगड तालुक्यातल्या मजरे कार्वेमधला ‘मजरे’ तो हाच. मूळ अरबी अर्थ पेरणीची जागा. शेत गावापासून लांब, रोजची पायपीट परवडत नाही, म्हणून कुणीतरी तिथंच दगडमातीचं घर बांधतो. शेजारी गोठा येतो, मुलगा लग्न करून तिथंच राहतो, आणि दोन पिढ्यांत पाच-सात चुली पेटतात. मुख्तार मात्र मूळ गावचाच. माणसंही त्याच गावाच्या आकड्यात मोजली जातात. म्हणजे तक्त्यात ‘४०० लोकसंख्येचं गाव’ दिसलं, तरी ते एका ठिकाणी नांदणारं गाव असेलच असं नाही. खोऱ्यात विखुरलेल्या चार वस्त्यांची ती बेरीजही असू शकते.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. नव्वदच्या दशकात तुर्की लष्कर आणि पीकेके ही कुर्दी बंडखोर संघटना यांच्या लढाईत गावंच्या गावं रिकामी केली गेली. पीकेकेविरुद्ध सरकारचे हत्यारबंद ग्रामरक्षक व्हायला नकार देणाऱ्या गावांवर तर विशेष रोख होता. १९९८च्या संसदीय समितीनं हिशेब मांडला तो असा: ९०५ गावं, २,५२३ मेझरे, ३,७८,३३५ माणसं. फक्त गावं मोजणाऱ्याच्या हातून उठलेल्या वस्त्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश निसटतात. माणसांचा आकडाही तोकडाच होता. हाजेत्तेपे विद्यापीठाच्या २००६च्या अभ्यासानं विस्थापितांची संख्या ९.५ ते १२ लाखांच्या घरात नेली.

पुढे आणखी एक घोळ झाला. २०१२च्या कायद्यानं महानगरपालिका असलेल्या प्रांतांतली सगळी गावं कागदावर ‘महल्ला’, म्हणजे शहराचा एक भाग, झाली. दियारबाकर, वान, मार्दिन, उर्फा या प्रांतांत आता कागदोपत्री एकही गाव उरलेलं नाही. पीकेकेचा संस्थापक अब्दुल्ला ओजलानचं जन्मगाव ओमेर्ली, कुर्दीत अमारा, तेही उर्फा प्रांतातलं, म्हणजे तेही आता महल्लाच. शेळ्या त्याच, भिंती त्याच. देशाची ‘शहरी’ लोकसंख्या मात्र एका वर्षात ७७.३ टक्क्यांवरून ९१.३ टक्क्यांवर उडाली. शिर्नाक, हक्कारी, बिंगोल इथे महानगरपालिका नाही, म्हणून तिथली गावं अजून गावंच आहेत. दोन प्रांतांची तुलना करताना हे विसरलं की पंचाईत.

आकडा कोणत्या दिवसाचा, तेही बघावं. २००७पासून नोंद पत्त्यावरून होते आणि आकडा ३१ डिसेंबरचा धरतात. पूर्वी मोजणीच्या दिवशी अख्ख्या देशाला घरात बसवून ठेवत. आता ज्याचा पत्ता इस्तंबूलचा तो इस्तंबूलचा, मग उन्हाळाभर तो गावी राहून ‘झोझान’वर, म्हणजे उंचावरच्या कुरणात, मेंढ्या राखत असला तरी. बरं, त्या आकड्यातले कुर्द किती, हे तक्ता सांगतच नाही. जनगणनेतले मातृभाषेचे आकडे शेवटचे छापले गेले ते १९६५चे.

आणि नाव? २८ डिसेंबर २०११ला शिर्नाक प्रांतात इराकच्या सीमेवर तुर्की हवाई हल्ल्यात ३४ माणसं मारली गेली, त्यांतली बरीच कोवळी पोरं होती. ती सीमेपलीकडून डिझेल आणि सिगारेटी खेचरांवर लादून आणत होती. बातम्यांत गावाचं नाव आलं रोबोस्की. लोकसंख्येच्या तक्त्यात ते शोधायचं तर उलुदेरे तालुक्याखाली ‘ओर्तासू’ हे त्याचं सरकारी तुर्की नाव बघावं लागतं.