जहाजावरील कॅसिनो

पर्यटक जहाजावर किंवा पाण्यात नांगरून ठेवलेल्या बोटीवर पैसे लावून खेळण्याची जी परवानाधारक सोय असते, तिला जहाजावरील कॅसिनो म्हणतात. रूले, ब्लॅकजॅक, बाकारा, पोकर आणि स्लॉट मशीन हे तिथले नेहमीचे खेळ असून गोव्यातल्या बोटींवर तीन पत्ती आणि अंदर-बाहर यांचीही टेबले लागतात. खेळांच्या दृष्टीने जमिनीवरच्या कॅसिनोहून इथे फारसे वेगळे काही नसते. वेगळेपण आहे ते जागेत. जमिनीवर ज्याला मनाई आहे ते पाण्यावर चालते, आणि म्हणून या व्यवसायाचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी किनाऱ्यापासूनचे अंतर कुणी, कुठून आणि कसे मोजायचे या वादाचा इतिहास आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदाविषयक करारानुसार किनारी देशाचा प्रादेशिक समुद्र आधाररेषेपासून (सहसा ओहोटीच्या वेळच्या किनाऱ्याच्या रेषेपासून) १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत असतो. त्यापलीकडच्या खुल्या समुद्रात जहाजावर मुख्यतः त्याच्या ध्वजाच्या देशाचा कायदा चालतो. मोठी पर्यटक जहाजे बहामा किंवा पनामासारख्या देशांत नोंदवलेली असतात. त्यामागे कर आणि कामगार कायदे ही मोठी कारणे आहेत, पण कॅसिनोलाही ती नोंदणी सोयीची पडते. अमेरिकेने १९५१ च्या जॉन्सन कायद्याने आपल्या जहाजांवर जुगाराची यंत्रे ठेवण्यास बंदी घातली होती. परदेशी ध्वजाच्या जहाजांशी स्पर्धा करता यावी म्हणून १९९२ मध्ये ती सैल करण्यात आली. प्रवाशाला या साऱ्याचा प्रत्यय एवढाच येतो, की जहाज बंदरात असेपर्यंत कॅसिनो सहसा बंद असतो आणि ते पुरेसे दूर गेले की टेबलांवरची आच्छादने निघतात.

हे ‘पुरेसे दूर’ म्हणजे नेमके किती, यावरून सर्वांत गाजलेला झगडा कॅलिफोर्नियात झाला. टोनी कॉर्नेरो याने १९३८ मध्ये ‘रेक्स’ नावाचे जहाज सांता मोनिकासमोर तीन मैलांच्या थोडे पलीकडे नांगरले, कारण त्या काळी राज्याची हद्द तीन मैलांपर्यंतच धरली जाई. किनाऱ्यावरून छोट्या मोटरबोटी लोकांना रात्रंदिवस नेत-आणत. १९३९ च्या ऑगस्टमध्ये राज्याचे महाअधिवक्ता अर्ल वॉरन (जे पुढे अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले) यांनी धाड घातली, तेव्हा ‘रेक्स’वरच्या लोकांनी पोलिसांना आग विझवायच्या पाण्याच्या फवाऱ्यांनी थोपवून धरले आणि काही दिवस शरणागती पत्करली नाही. न्यायालयातला प्रश्न मात्र भूगोलाचा होता. सांता मोनिका हा उपसागर मानला, तर तीन मैल त्याच्या दोन भूशिरांना जोडणाऱ्या रेषेपासून मोजावे लागतील आणि ‘रेक्स’ हद्दीच्या आत येईल. तो नुसताच किनाऱ्याचा बाक मानला, तर जहाज बाहेर राहील. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उपसागर ठरवला आणि कॉर्नेरोचा तो धंदा संपला.

पुढे अमेरिकेतल्या राज्यांनीच ही युक्ती उचलली. आयोवात १९९१ मध्ये नदीतल्या बोटींवर कॅसिनो सुरू झाले. एका डावाला फार तर ५ डॉलर आणि बोटीच्या एका फेरीत फार तर २०० डॉलरचे नुकसान, असे बंधन त्यांच्यावर होते. ते १९९४ मध्ये उठले. मिसिसिपीत काठाला कायमचे बांधलेले तराफे ‘जहाज’ म्हणून चालत. २००५ च्या कॅटरिना वादळाने ते उचलून किनाऱ्यावर आपटल्यावर कॅसिनो काठापासून ८०० फुटांपर्यंत जमिनीवर बांधायची मुभा देण्यात आली.

भारतात सट्टा आणि जुगार हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे राज्यांकडे आहे. गोवा, दमण व दीव सार्वजनिक जुगार कायदा १९७६ चा आहे आणि त्याचा मूळ रोख मनाईचाच आहे. १९९२ मध्ये त्यात १३-अ हे कलम घालून पंचतारांकित हॉटेलांतल्या स्लॉट मशीनना वाट देण्यात आली आणि १९९६ च्या दुरुस्तीने ‘ऑफशोअर’ म्हणजे किनाऱ्यापासून दूरच्या जहाजांवर टेबलावरचे खेळही खुले झाले. त्यातून मोठी गमतीची स्थिती उद्भवली. हॉटेलात रूले खेळायचे तर चाक यंत्राने फिरले पाहिजे आणि पैज पडद्यावर लावली पाहिजे; तेच चाक हाताने फिरवणारा, तोच पत्ता हाताने वाटणारा डीलर हवा असेल, तर पाण्यावर गेले पाहिजे. ‘काराव्हेला’ हे गोव्यातले पहिले कॅसिनो जहाज. पोर्तुगीज दर्यावर्दी ज्या प्रकारच्या गलबतांतून निघत, त्यांचेच ते नाव. आज पणजीजवळ मांडवीत अशी सहा जहाजे आहेत.

‘ऑफशोअर’ म्हणताना डोळ्यांसमोर समुद्र येतो, पण ही जहाजे नदीत उभी आहेत. संध्याकाळी पणजीच्या दयानंद बांदोडकर मार्गावरून चालत गेले, तर त्यांवरची रोषणाईतली नावे फुटपाथवरून वाचता येतात. पलीकडे बेतीचा काठ तितकाच जवळ दिसतो. जेटीवर ओळखपत्र दाखवायचे, प्रवेशशुल्क भरायचे (त्यात बहुधा जेवणखाण आणि काही रकमेच्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजी टेबलावर लावायच्या चकत्या, धरलेल्या असतात) आणि छोट्या फीडर बोटीत बसायचे. प्रवास काही मिनिटांचा. त्यानंतर रात्रभर जहाज जागचे हलत नाही. कायद्यातली जलयात्रा ती एवढीच. २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नसतो आणि १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांनाही खेळायला बंदी आहे, त्यामुळे खेळणाऱ्यांत महाराष्ट्र, कर्नाटक, गुजरात इथून आलेल्यांचा भरणा असतो. जत्रेतला ‘गडगडो’ नावाचा जुगार आणि गल्लीतला मटका बेकायदा, पण परप्रांतीयाने नदीत खेळलेला रूले कायदेशीर, ही विभागणी नीतीच्या कसोटीवर समजावून सांगणे कठीण आहे; महसुलाच्या कसोटीवर ती सहज समजते. परवान्यासाठी जहाजाच्या प्रवासीक्षमतेनुसार वर्षाला कोट्यवधी रुपयांचे शुल्क आकारले जाते.

स्थानिकांचा विरोध जुना आहे. महिला संघटना, ‘आम औरत आदमी अगेन्स्ट गॅम्बलिंग’सारखे गट आणि पणजीतले रहिवासी यांच्या तक्रारी व्यसन, रहदारी, नदीचे प्रदूषण आणि शहराचा पालटलेला चेहरा यांबद्दलच्या आहेत. विरोधी बाकांवर असताना कॅसिनो हटवा म्हणणारे सत्तेवर आले की मांडवीतल्या मुक्कामाला मुदतवाढ देतात, हे गोव्याने एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. २०१७ च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, कॅसिनोसाठी आणलेले ‘लकी सेव्हन’ हे जहाज मांडवीच्या मुखाजवळ भरकटून मिरामारच्या वाळूत रुतले आणि काही महिने तिथेच राहिले. जहाजाच्या नावावरून लोकांनी करायची ती थट्टा केलीच.

कॅसिनोचा नफा लबाडीतून येत नाही, तो हिशेबातच बांधलेला असतो. एका शून्याच्या रूलेत ३७ घरे असतात आणि एका आकड्यावर लावलेली पैज लागली तर ३५ पट मिळतात. प्रत्येक घरावर १०० रुपये ठेवले, तर ३,७०० रुपये लागतात आणि लावलेल्या शंभरासकट ३,६०० परत येतात. उरलेले १०० रुपये, म्हणजे २.७ टक्के, हा कॅसिनोचा वाटा. दोन शून्यांच्या अमेरिकन चाकात तो ५.२६ टक्के होतो. अंदर-बाहरमध्ये मधल्या पत्त्याशी जुळणारा पत्ता येईपर्यंत दोन बाजूंना आळीपाळीने पत्ते टाकतात; ज्या बाजूला पहिला पत्ता पडतो ती थोडी अधिक वेळा, शंभरात साधारण ५१ ते ५२ वेळा जिंकते. म्हणून त्या बाजूला जिंकल्यावर पूर्ण रक्कम देत नाहीत, थोडी कापून देतात. खेळ जितका लांबेल तितका हा वाटा निश्चित होत जातो. जेवण आणि मद्य प्रवेशशुल्कातच का धरलेले असते, याचे उत्तर त्यातच आहे.

सरकारचा वाटा याहून मोठा आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून चिप्स विकत घेताना दिलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. न खेळता चिप्स परत केल्या, तरी तो कर सुटत नाही. जिंकलेल्या पैशांतून पुन्हा लावलेल्या पैजेवर मात्र तो दुसऱ्यांदा बसत नाही. जिंकलेल्या रकमेवरचा ३० टक्के आयकर वेगळा.

महाराष्ट्राची कथा नेमकी उलटी आहे. गोव्याने मनाईचा कायदा केला त्याच १९७६ साली महाराष्ट्राने कॅसिनोंना परवाने देणारा कायदा मंजूर केला, पण तो अमलात आणण्याची अधिसूचना कधी निघालीच नाही. ती निघावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाल्या, पर्यटनवाढीचे दाखले देण्यात आले, आणि अखेर २०२३ मध्ये एकही परवाना न देता तो कायदा रद्द करण्यात आला.