आढ्याचं पाणी वळचणीला

मार्चमधली दुपार, जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास. पत्र्याच्या वर्गात ज्यांनी शिकवलंय त्यांना ही वेळ सांगायला नको. पोरं बाकं ओढून पंख्याखाली आणतात आणि पंखा वरची गरम हवा त्यांच्याच डोक्यावर ढकलत राहतो. मधूनच पत्रा ‘कट्ट’ वाजतो, तापून प्रसरण पावतो म्हणून. जूनमध्ये त्याच पत्र्यावर पाऊस कोसळतो तेव्हा बाईंचा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचत नाही. ते पाणी वळचणीवरून अंगणात, अंगणातून रस्त्यावर आणि तिथून ओढ्याला जातं. जानेवारी उजाडला की त्याच शाळेत पाण्याचे जार विकत येतात. मी बरीच वर्षं अशा वर्गांत शिकवलं आणि एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली. ऊन आणि पाणी, आपल्या दोन्ही तक्रारी एकाच ठिकाणी येऊन पडतात, ते म्हणजे शाळेचं छप्पर.

‘पर्यावरणपूरक शाळा’ म्हटलं की आपण खड्डे खणून रोपं लावतो, फोटो काढतो आणि मे महिन्यात त्या रोपांना घालायला पाणी नसतं. रोपं लावावीतच, पण त्याआधी मुलांच्या हाती मोजपट्टी द्या आणि छप्पर मोजायला लावा.

गणित पाचवीच्या मुलाला जमेल इतकं सोपं आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं. 200 चौरस मीटरचं छप्पर धरा, म्हणजे पाच-सहा वर्गखोल्यांची मध्यम शाळा. मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उडालेलं, सुकलेलं, गळालेलं पाणी म्हणून 20 टक्के वजा केले तरी 1 लाख 12 हजार लिटर उरतात. शाळेत 300 मुलं असतील आणि पिण्या-हात धुण्याला प्रत्येकी 5 लिटर धरले, तर हे पाणी 74 दिवस पुरतं.

लातूरकरांना पाण्याच्या रेल्वेची आठवण द्यायला नको. एप्रिल 2016च्या दुष्काळात मिरजेहून पहिली गाडी आली, 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर पाणी. वर काढलेल्या हिशेबाने हे पाणी पाच शाळांच्या छपरांवर एका वर्षात पडतं. दुष्काळात पाऊसही निम्म्यावर येतो हे खरं, मग दहा शाळा धरा. एका गाडीभर पाणी दहा शाळांच्या डोक्यावरून वाहून जातं, हे मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो: लाख लिटरची टाकी बांधायला पैसा कुठून आणायचा? ती बांधायचीच नाही. पाऊस चार महिन्यांत हप्त्याहप्त्याने पडतो. 50 मिलिमीटरची एक दमदार सर आली की आपल्या छपरावरून 8 हजार लिटर उतरतात. म्हणजे 10 हजार लिटरची टाकी पावसाळ्यात कितीतरी वेळा भरते आणि रिकामी होते. टाकी भरून वर उरलेलं पाणी गाळणखड्ड्यातून हापशाच्या किंवा बोअरच्या परिसरात मुरवायचं. आपल्या पायाखाली बसाल्टचा काळा पाषाण आहे. वाळूसारखं तो पाणी पोटात घेत नाही, त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात मावेल तेवढंच पाणी साठतं. म्हणून आपल्याकडचे बोअर पावसाळ्यात तुडुंब आणि फेब्रुवारीत कोरडे. साठा मुळातच लहान असल्यामुळे मुरवलेल्या प्रत्येक बादलीला किंमत आहे. किनवटसारख्या भागात जिथे बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, तिथे तर पावसाचं पाणी वेगळ्याच मोलाचं, कारण त्यात फ्लोराइड जवळपास नसतंच.

एक पथ्य मात्र काटेकोरपणे पाळावं लागतं. पहिल्या पावसाचं पन्हळीतलं पाणी काचेच्या ग्लासात धरून मुलांना दाखवा. चहासारखं दिसतं. आठ महिन्यांची धूळ, पाखरांची शिट, कडुलिंबाची पानं, सगळं त्यात उतरलेलं असतं. म्हणून प्रत्येक मोठ्या खंडानंतरच्या पावसाचे पहिले 300-400 लिटर वेगळ्या नळीने बाहेर सोडायचे आणि मगच टाकीचं तोंड उघडायचं. टाकीत उजेड जाता कामा नये, नाहीतर शेवाळ धरतं. तोंडाला बारीक जाळी हवी, नाहीतर डेंगीचे डास तिथेच अंडी घालतात. पिण्यासाठी हे पाणी उकळून किंवा क्लोरीन टाकूनच वापरायचं. हात, ताटं, फरशी धुवायला ते गाळून चालतं.

आता उन्हाकडे वळू. आपल्या आजी-आजोबांचं माळवद आठवा. लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्या, वर हातभर मातीचा थर, आणि पावसाळ्याआधी त्यावर पांढरी माती. दुपारचं ऊन त्या थरातून आत झिरपायला आठ-दहा तास लागत. ऊब आत पोचेपर्यंत रात्र झालेली असे आणि माणसं वर गच्चीवर झोपायला गेलेली असत. पत्र्याची जाडी मिलिमीटरहूनही कमी. तो ऊन अडवत नाही, झेलून लगेच खाली देतो.

मग नवा चकाकता पत्रा तरी का तापतो? तो बराच प्रकाश परत फेकतो, हे खरं. पण जी उष्णता शोषतो ती डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशाकडे परत सोडण्यात चकचकीत धातू फार कंजूष असतो. उष्णता साचत जाते. पुढे गंजला, मळला की आधीचा प्रकाश परत फेकण्याचा गुणही जातो. चुन्याचं उलट आहे. पांढरा म्हणून तो ऊन परतवतो आणि जे शोषतो तेही सढळ हाताने आकाशाकडे सोडून देतो. आम्ही एकदा अर्ध्याच छपराला चुना मारला होता. दुपारी मुलांनी खोल्यांतून चालत दोन्ही बाजूंना थर्मामीटर धरला, पण फरक कळायला त्याची गरज पडली नाही. चुन्याच्या बाजूची बाकं दुसऱ्या दिवसापासून आपोआप भरायला लागली.

चुना फेब्रुवारीतच मारा. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा चुनखडीसारखा घट्ट थर बनतो, आणि त्याला जूनपर्यंत वेळ मिळतो. दरवर्षी पुन्हा मारावा लागतो, तेवढी तयारी ठेवावी. पत्र्याखाली वीतभर पोकळी सोडून तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांच्या, ताट्या बांधल्या तर वरून येणारी धग आणखी तुटते. मात्र स्वयंपाकाच्या खोलीत आणि विजेच्या उघड्या वायरीजवळ तुराट्या नकोतच.

वर्ग थंड झाला की विजेचा हिशेब करावा, त्याआधी नाही. जुना पंखा साधारण 75 वॅटचा असतो, कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा बीएलडीसी पंखा 30 वॅटचा. दहा पंखे, रोज 6 तास, वर्षाला 200 दिवस: जुन्यांना 900 युनिट लागतात, नव्यांना 360. एक किलोवॅटचं सौर पॅनेल आपल्याकडे दिवसाला साधारण 4 युनिट देतं. जुने दहा पंखे दिवसाला साडेचार युनिट खातात, म्हणजे पॅनेल कमी पडतं. नव्यांना 1.8 युनिट पुरतात आणि दिवे, संगणक चालवायला वीज उरते. पॅनेलची सावली छपरावर पडते, हा त्यातला वरकड फायदा. पण कित्येक शाळांत आधी पॅनेल येतं आणि पंखे तसेच घरघरत राहतात. हा क्रम बदलायला हवा.

खिचडीची ताटं धुतलेलं पाणी दुसऱ्यांदा वापरता येतं. खरकटं आधी बादलीत काढलं आणि साबण बेताने वापरला तर ते पाणी परसबागेतल्या शेवग्याला, केळीला चालतं. उरलेलं शोषखड्ड्यात सोडावं. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी असे खड्डे केले, उघडी गटारं संपली आणि त्यांच्याबरोबर डासही. खड्ड्यात मधोमध सिमेंटची टाकी असते आणि तिला वरच्या बाजूला भोकं असतात. गाळ तळाशी बसतो, निवळलेलं पाणी भोकांतून भोवतीच्या दगडांत आणि तिथून जमिनीत जातं. हा खड्डा हापशापासून मात्र लांबच असावा.

कडुलिंबाचा पाचोळा जाळू नका, वेगळ्या खड्ड्यात ओलं खरकटं आणि पाचोळा असे थर घाला. त्याचं खत परसबागेला.

या सगळ्याची वेळ एप्रिलमध्ये असते, परीक्षा संपता संपता. तेव्हाच शिडी लावून पन्हळ झाडायची, सांधे बघायचे, पहिलं पाणी बाहेर सोडणारी नळी उघडी ठेवायची. टाकीच्या आतल्या भिंतीवर मुलांच्या हाताने दर 500 लिटरला रंगाची एक रेघ ओढून घ्यायची. जूनमध्ये शाळा भरते, मृगाचा पाऊस येतो, आणि मधल्या सुट्टीत पोरं झाकण किलकिलं करून विचारतात, “बाई, आज कितवी रेघ?”