'देश परत देवाकडे': एका अमेरिकी हाकेची पार्श्वभूमी

बायबलच्या जुन्या करारात, इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात, सातव्या अध्यायाचे चौदावे वचन आहे. यरुशलेमचे मंदिर बांधून होते, रात्री देव शलमोनाला दर्शन देतो आणि सांगतो: पाऊस थांबला, टोळधाड आली, साथ पसरली, तरी माझ्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माझ्या लोकांनी नम्र होऊन प्रार्थना केली आणि वाईट मार्ग सोडले, तर मी त्यांचे ऐकेन, त्यांना क्षमा करीन, त्यांचा देश बरा करीन. १९५३ साली महायुद्ध जिंकून आलेला सेनापती अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घ्यायला उभा राहिला, तेव्हा समोरच्या दोन बायबलांपैकी एक याच पानावर उघडलेले होते. १९८१ मध्ये हॉलिवूडमधून आलेल्या राष्ट्राध्यक्षाने आपल्या आईच्या जीर्ण बायबलवर हात ठेवला. पान तेच. समासात आईच्या अक्षरात शेरा होता, की राष्ट्रे बरी होण्यासाठी हे फारच अद्भुत वचन आहे.

वचनातले 'माझे लोक' म्हणजे इस्राएल. ते अमेरिकेने स्वतःला कसे लावून घेतले, हे कळले की निवडणूक आली की 'अमेरिकेने देवाकडे परतावे' ही हाक का उठते, आणि ती निव्वळ धार्मिक का राहत नाही, याचा बराचसा उलगडा होतो.

सुरुवात जुनी आहे. सतराव्या शतकात मॅसॅच्युसेट्समध्ये वसलेले प्युरिटन, म्हणजे इंग्लंडहून आलेले कर्मठ प्रोटेस्टंट, स्वतःला देवाशी करार केलेली प्रजा मानत. पीक बुडाले, मूळ रहिवाशांशी लढाई झाली, की उपास आणि प्रार्थनेचा दिवस जाहीर व्हायचा. पुढे १७३०-४० च्या आणि १८०० नंतरच्या दोन मोठ्या धर्मजागृतींनी देश ढवळून काढला. दुसऱ्या लाटेचा एक शिंतोडा आपल्यापर्यंत पोचला: फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले आणि पुढे अहमदनगरला जम बसवलेले अमेरिकन मिशनरी याच लाटेतून आले होते. त्यांना पाठवणाऱ्या बोस्टनमधल्या संस्थेचा चिटणीस १८२९ मध्ये टोपणनावाने लेखमाला लिहून विचारत होता, की चेरोकी या मूळ रहिवाशांना त्यांच्या जमिनीवरून हुसकावणाऱ्या राष्ट्राला देव सोडेल काय? रविवारची टपाल बंद करा, या मोहिमेतही हाच माणूस होता. राष्ट्राचे पाप कोणते, याची यादी तेव्हा आजच्यापेक्षा बरीच वेगळी होती, हे लक्षात ठेवलेले बरे.

यादवी युद्ध पेटल्यावर काही प्रोटेस्टंट मंडळींनी निदान काढले की राज्यघटनेत देवाचे नावच नाही, म्हणून हा कोप. उद्देशिकेत येशू ख्रिस्ताचे प्रभुत्व मान्य करणारी दुरुस्ती घाला, अशी विनंती त्यांनी १८६४ मध्ये राष्ट्राध्यक्षांपर्यंत नेली. त्यांनी ऐकून घेतले आणि काही केले नाही. १८७४ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या समितीने ती मागणी साफ नाकारली. ही घटना आज फारशी कुणाला आठवत नाही, पण मला ती महत्त्वाची वाटते. देश मुळात ख्रिस्ती म्हणूनच स्थापन झाला, असे आजचे पुकारणारे म्हणतात. एकोणिसाव्या शतकातल्या त्यांच्याच पूर्वसुरींची तक्रार नेमकी उलटी होती.

दारूबंदी आली आणि १९३३ मध्ये गेली. शाळेत उत्क्रांती शिकवल्याबद्दल १९२५ मध्ये डेटनला चाललेल्या खटल्यानंतर कर्मठ प्रोटेस्टंटांची शहरी वर्तमानपत्रांनी यथेच्छ टिंगल केली, आणि त्यातले बरेच जण आपापल्या बायबल कॉलेजांत, रेडिओ कार्यक्रमांत आणि चर्चच्या मंडळ्यांत गुंतले.

त्यांना पुन्हा भर चौकात आणले ते अणुबॉम्बने. २३ सप्टेंबर १९४९ रोजी राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केले की सोव्हिएत रशियाने अणुस्फोट घडवला आहे. दोनच दिवसांनी लॉस एंजेलिसमध्ये एका मोठ्या तंबूत नॉर्थ कॅरोलिनाच्या तिशीतल्या धर्मोपदेशकाच्या सभा सुरू झाल्या. एका बाजूला साम्यवाद, दुसऱ्या बाजूला ख्रिस्त, आणि मधे पाप करत बसलेले हे शहर, अशी त्याची मांडणी. तीन आठवड्यांच्या सभा आठ आठवडे चालल्या आणि तो देशभर गाजला. त्यानंतरच्या सात वर्षांत सरकारने भराभर कायदे केले: १९५२ मध्ये राष्ट्रीय प्रार्थना दिवस, १९५४ मध्ये ध्वजप्रतिज्ञेत 'देवाच्या छत्राखाली' अशा अर्थाचे शब्द, १९५५ मध्ये सगळ्या चलनावर देवावरच्या विश्वासाचे वाक्य आणि १९५६ मध्ये तेच राष्ट्रीय ब्रीद. ज्या काळाकडे परत जायचे म्हणतात, तो बहुतेकांच्या मनात हाच काळ असतो. तो संस्थापकांचा नव्हे, शीतयुद्धाचा काळ आहे. दक्षिणेत तेव्हा शाळा, बस आणि पाण्याचे नळसुद्धा रंगानुसार वेगळे होते, ही गोष्ट त्या आठवणीत येत नाही.

पतन कधी सुरू झाले, याचीही ठरलेली तारीख आहे: २५ जून १९६२. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने शाळांसाठी इंग्रजीत बावीस शब्दांची प्रार्थना तयार केली होती. हे सर्वशक्तिमान देवा, आम्ही तुझ्यावर अवलंबून आहोत, आमच्यावर, आईवडिलांवर, शिक्षकांवर आणि देशावर कृपा कर, एवढीच. कुठल्याही पंथाला खुपू नये म्हणून मुद्दाम पातळ केलेली. लाँग आयलंडच्या काही पालकांनी दावा लावला आणि सरकारने प्रार्थना लिहूच नये, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. पुढच्या वर्षी शाळेतले सक्तीचे बायबलवाचनही गेले. 'देवाला शाळेतून हाकलले' हे वाक्य तेव्हापासूनचे. मजा अशी की दक्षिणेतल्या बॅप्टिस्टांच्या (हा प्रोटेस्टंटांचा एक पंथ) सर्वांत मोठ्या संघटनेने तेव्हा शालेय प्रार्थनेसाठी घटनादुरुस्ती मागितली नाही. राज्यसत्ता आणि धर्म वेगळे ठेवणे ही बॅप्टिस्टांची जुनी ओळख होती. १९८२ पर्यंत ती संघटना दुसऱ्या टोकाला पोचली होती. या वीस वर्षांत काय घडले, हाच वादाचा मुद्दा आहे.

प्रचलित उत्तर आहे गर्भपात. २२ जानेवारी १९७३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी गर्भपाताचा हक्क मान्य केला, श्रद्धावंत हादरले आणि राजकारणात उतरले. सभांमधून हेच सांगितले जाते आणि सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांचा त्यावर मनापासून विश्वास असतो. पण तारखा जुळत नाहीत. १९७१ मध्ये सेंट लुइसला भरलेल्या अधिवेशनात त्याच बॅप्टिस्ट संघटनेने ठराव केला होता की बलात्कार, निकटच्या नात्यातला संबंध, गर्भातले गंभीर व्यंग, किंवा आईच्या शारीरिक, मानसिक वा भावनिक आरोग्याला धोका असल्यास गर्भपाताला कायद्याने मुभा असावी. १९७३ च्या निकालानंतरही, १९७४ मध्ये, तिने ही भूमिका पुन्हा मांडली. रस्त्यावरचा विरोध तेव्हा मुख्यतः कॅथलिकांचा होता, आणि कॅथलिकांचा विषय म्हणून अनेक प्रोटेस्टंट त्याच्यापासून लांब राहत.

दुसरे उत्तर कराच्या कागदपत्रांत आहे. मिसिसिपीच्या होम्स काउंटीत सरकारी शाळांतला रंगभेद मोडण्याचा आदेश लागू झाला, तेव्हा पहिल्याच वर्षी त्या शाळांतल्या गोऱ्या मुलांची संख्या ७७१ वरून २८ वर आली. पुढच्या वर्षी शून्य. ही मुले नव्याने निघालेल्या खासगी शाळांत गेली, आणि त्या शाळांना धर्मादाय संस्था म्हणून करमाफी मिळत होती. १९६९ मध्ये काळ्या पालकांनी त्याविरुद्ध दावा लावला आणि १९७१ मध्ये जिंकला: वर्णभेद करणारी शाळा धर्मादाय ठरत नाही. मग करखात्याने साउथ कॅरोलिनात ग्रीनव्हिलच्या एका कर्मठ ख्रिस्ती विद्यापीठाकडे मोर्चा वळवला. तिथे अविवाहित काळ्या विद्यार्थ्यांना १९७५ पर्यंत प्रवेशच नव्हता आणि त्यानंतर आंतरवर्णीय प्रेमसंबंधांवर बंदी आली. १९७६ मध्ये विद्यापीठाची करमाफी काढून घेतली गेली, तीही १९७० पासून मागे जाऊन. ऑगस्ट १९७८ मध्ये खात्याने सर्वसाधारण नियमच प्रस्तावित केला: भेद मोडण्याच्या काळात निघालेल्या खासगी शाळांनी आपण भेद करत नाही, हे स्वतः सिद्ध करावे. खात्याकडे लाखाहून अधिक निषेधपत्रे आली. नियम बारगळला, पण पत्रे लिहिणारे मंडळ्या-मंडळ्यांतून एकमेकांना सापडले होते.

चळवळ उभारणाऱ्या एका कॅथलिक संघटकाने पुढे स्वतःच सांगितले की त्याने या धर्मोपदेशकांना गर्भपात, शालेय प्रार्थना, अश्लील साहित्य असे सगळे विषय दाखवून पाहिले होते. काही पेटेना. करखात्याने शाळांना हात लावला आणि पेटले.

यावर दुसऱ्या बाजूचे उत्तर आहे आणि ते उडवून लावण्यासारखे नाही. सगळ्या ख्रिस्ती शाळा काही रंगभेदासाठी निघाल्या नव्हत्या. १९६२ नंतर प्रार्थना गेली, अभ्यासक्रम बदलले, म्हणून पोटाला चिमटा काढून मुलांना तिथे घालणारे पालक होतेच, आणि त्यांना हा सरकारचा चर्चमधला हस्तक्षेप वाटला. शिवाय १९७८ च्या नोव्हेंबरात आयोवा आणि मिनेसोटात मतदानाच्या आदल्या रविवारी चर्चबाहेर उभ्या गाड्यांच्या काचांवर गर्भपातविरोधी पत्रके खोचली गेली आणि गर्भपातविरोधी उमेदवार अनपेक्षितपणे जिंकले, हेही खरे. मला दिसते ते असे: पुढारी कराच्या प्रश्नावर एकत्र आले, मतदार गर्भपाताच्या प्रश्नावर आले, आणि नंतर पुढाऱ्यांनी मतदारांचे कारण आपले म्हणून सांगितले. 'तुम्ही वंशवादातून जन्मलात' एवढेच ऐकवणाऱ्या विरोधकांनाही तो सामान्य मतदार कधी समजला नाही.

या उलथापालथीचा चेहरा व्हर्जिनियात लिंचबर्गचा बॅप्टिस्ट धर्मोपदेशक ठरला. नागरी हक्कांच्या मोर्चांत पाद्री उतरत होते तेव्हा, मार्च १९६५ मध्ये, त्याने प्रवचनात ठणकावले होते की उपदेशकाचे काम आत्मे जिंकणे आहे, राजकारण नव्हे. १९६७ मध्ये त्याने स्वतःची शाळा काढली. १९७६ मध्ये, देशाच्या दोनशेव्या वर्षी, तो गायकवृंद घेऊन राज्याराज्यांच्या विधानभवनांच्या पायऱ्यांवर देशप्रेमाच्या सभा घेऊ लागला. १९७९ मध्ये 'नैतिक बहुमता'ची संघटना काढली आणि १९६५ चे ते प्रवचन चुकीचे होते, असे सांगून टाकले. गंमत म्हणजे त्या वेळी गादीवर असलेला राष्ट्राध्यक्ष, जॉर्जियाचा भुईमूग पिकवणारा शेतकरी, स्वतः बॅप्टिस्ट होता, रविवारच्या शाळेत शिकवायचा. देवाकडे परतण्याची हाक उठली होती ती श्रद्धावान माणसाच्याच विरोधात.

२९ एप्रिल १९८० रोजी वॉशिंग्टनमधल्या हिरवळीवर लाखोंनी जमून दिवसभर प्रार्थना केली. तारीख मुद्दाम निवडलेली: १६०७ मध्ये याच दिवशी केप हेन्रीला उतरलेल्या इंग्रज वसाहतवाल्यांनी क्रूस रोवला होता. ऑगस्टमध्ये डलासला भरलेल्या धर्मोपदेशकांच्या सभेत रिपब्लिकन उमेदवार, तोच हॉलिवूडमधून आलेला, म्हणाला, तुम्ही मला पाठिंबा देऊ शकत नाही, ठाऊक आहे, पण माझा तुम्हाला पाठिंबा आहे. हशा आणि टाळ्या. करमाफी घेणाऱ्या संस्थांनी उमेदवाराचा प्रचार करू नये, असा १९५४ चा कायदा आहे, त्याला हा चिमटा होता.

तो निवडून आल्यावर मात्र चळवळीच्या हाती फारसे पडले नाही. शालेय प्रार्थनेची दुरुस्ती १९८४ मध्ये सेनेटमध्ये अडली. ग्रीनव्हिलचे विद्यापीठ १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आठ विरुद्ध एक मतांनी हरले. लिंचबर्गच्या संघटनेने १९८९ मध्ये गाशा गुंडाळला. त्याच सुमारास १९८८ मध्ये रिपब्लिकन उमेदवारीच्या शर्यतीत हरलेल्या एका टीव्ही-उपदेशकाची नवी संघटना खालून चढू लागली: शाळा मंडळे, काउंटी समित्या, पक्षाच्या वॉर्डातल्या बैठका. तिथे माणसे कमी येतात, म्हणून थोड्यांनी बहुमत होते. हे ज्याने कुठल्याही पतपेढीची वार्षिक सभा पाहिली आहे त्याला समजावून सांगायला नको.

शब्दही बदलत गेले. १९९२ च्या ह्यूस्टन अधिवेशनात देशाच्या आत्म्यासाठी चाललेल्या धर्मयुद्धाची भाषा आली. २००९ मध्ये कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि इव्हँजेलिकल (बायबल प्रमाण मानून धर्मप्रसारावर भर देणारे प्रोटेस्टंट) पुढाऱ्यांनी मिळून गर्भपात, विवाह आणि धर्मस्वातंत्र्य यांवर जाहीरनामा काढला, आणि सत्तरच्या दशकातली कॅथलिकांबद्दलची अढी कुठे होती याचाही विसर पडला. ऑगस्ट २०११ मध्ये टेक्सासच्या गव्हर्नरने ह्यूस्टनच्या स्टेडियममध्ये उपास आणि प्रार्थनेची सभा बोलावली. आठवड्याभरात त्याने राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली. २०१५ मध्ये समलिंगी विवाहाला देशभर मान्यता मिळाली आणि 'बहुमत' हा शब्द मागे पडून 'छळ सोसणारे अल्पसंख्य' अशी भाषा पुढे आली. समाजाची सात शिखरे, म्हणजे कुटुंब, धर्म, शिक्षण, माध्यमे, कला, व्यापार आणि शासन, ख्रिस्ती माणसांनी काबीज करावीत, हा पूर्वी कडेला असलेला विचार मध्यभागी सरकला. सुरुवातीच्या त्या वचनात 'नम्र होऊन' असे शब्द आहेत. शिखरे जिंकायला निघालेल्यांच्या तोंडी ते कमी येतात.

२०१६ मध्ये गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी सुमारे ऐंशी टक्क्यांनी तीनदा लग्न केलेल्या, कॅसिनो चालवलेल्या उमेदवाराला मत दिले. २६ सप्टेंबर २०२० ला, करोनाच्या काळात, वॉशिंग्टनमध्ये एकाच दिवशी दोन वेगळ्या प्रार्थनासभा भरल्या. एक पायी मोर्चा होता, दुसरीचे नावच 'परतणे' अशा अर्थाचे होते. जून २०२२ मध्ये १९७३ चा निकाल रद्द झाला. पन्नास वर्षांची मागणी मान्य झाली आणि सहा आठवड्यांत कॅन्ससच्या मतदारांनी, रिपब्लिकन राज्य असूनही, गर्भपाताचे संरक्षण आपल्या राज्याच्या घटनेतून काढायला नकार दिला.

ग्रीनव्हिलच्या विद्यापीठाने प्रेमसंबंधांवरची बंदी २००० मध्ये उठवली होती. २०१७ मध्ये त्याला करमाफी परत मिळाली. आणि जुलै २०२५ मध्ये करखात्याने टेक्सासमधल्या एका न्यायालयात भूमिका मांडली की चर्चने आपल्याच मंडळीसमोर, प्रार्थनेच्या वेळी, श्रद्धेच्या नजरेतून उमेदवाराबद्दल बोलणे म्हणजे १९५४ च्या कायद्याचा भंग नव्हे. डलासमधल्या त्या विनोदाला तोवर पंचेचाळीस वर्षे होत आली होती.