कुत्र्याची सॅक नेमकी कुठे टेकते?

ट्रेकिंगच्या रील्समध्ये सध्या एक नवा भिडू दिसतो: पाठीवर दोन कप्प्यांची सॅक घेतलेला कुत्रा. कधी लॅब्रॅडॉर, कधी हस्की (सह्याद्रीच्या उन्हात हस्की, यावर वेगळाच लेख होईल), हल्ली गावठी कुत्रीसुद्धा. खाली प्रतिक्रियांमध्ये दोन तट ठरलेले. एक म्हणतो, ‘मुक्या जनावराला कशाला राबवता?’ दुसरा म्हणतो, ‘त्याला आवडतं ते, कुत्र्याला काम लागतं.’ भांडण रंगतं, पण ती सॅक कुत्र्याच्या अंगावर कुठे टेकली आहे, याकडे कोणाचंच लक्ष नसतं. मला तर आधी तेच दिसतं. बऱ्याच व्हिडिओंत ती कमरेवर घसरलेली असते, नाहीतर पुढचा पट्टा दोन्ही खांद्यांवरून आडवा करकचून बांधलेला असतो.

चूक होते कारण आपण कुत्र्याला आपलंच शरीर बहाल करतो. आपल्या चांगल्या सॅकला कमरेचा पट्टा असतो. तो नीट आवळला की बहुतेक भार कमरेच्या हाडांवर उतरतो, आणि ती हाडं एकीकडे मणक्याला आणि दुसरीकडे पायांना घट्ट जोडलेली असतात. कुत्र्याची पाठ तर आडवी, खाली चार पाय. मग वजन कुठेही ठेवलं तरी पायांवर जाणारच, असं वाटतं. मागच्या पायांपुरतं ते बऱ्यापैकी खरं आहे. पुढच्या पायांचा मामला मात्र वेगळाच आहे.

स्वतःच्या गळ्याखाली बोट फिरवून पाहा. दोन्ही बाजूंना कॉलरबोन हाताला लागेल. आपला हात सांगाड्याला जोडला गेला आहे तो याच हाडाने. आता शेजारच्या कुत्र्याच्या, अर्थात ओळखीच्या, छातीवर तेच हाड शोधा. सापडणार नाही. कुत्र्यात कॉलरबोनचा मागमूस म्हणून स्नायूत दडलेली एक बारीकशी पट्टी उरली आहे. ती कशालाच आधार देत नाही. म्हणजे पुढचा अख्खा पाय, खवाट्यासकट (खांद्याच्या चपट्या हाडासकट), धडाच्या सांगाड्याला एकाही सांध्याने जोडलेला नाही. आणि उभ्या कुत्र्याचं सुमारे ६० टक्के वजन याच दोन पायांवर असतं.

मग छाती खाली का पडत नाही? कारण ती टांगलेली आहे. दोन झाडांना बांधलेल्या झोळीत बाळ असतं, तशी कुत्र्याची छाती दोन खवाट्यांच्या मधे लोंबते. झोळीचं मुख्य कापड म्हणजे सेरेटस व्हेंट्रॅलिस हा पंख्यासारखा पसरलेला स्नायू. त्याचं वरचं टोक खवाट्याच्या आतल्या बाजूला, वरच्या कडेजवळ चिकटलेलं असतं. तिथून तो खाली उतरत पहिल्या सात-आठ बरगड्यांवर आणि पुढे मानेच्या मणक्यांवर पसरतो. जोडीला छातीच्या मधल्या हाडापासून दंडाच्या हाडाकडे जाणारे पेक्टोरल स्नायू असतात.

अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात डेव्हिड कॅरियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली हे प्रत्यक्ष मोजून प्रसिद्ध केलं. दुडक्या चालीने धावणाऱ्या कुत्र्यांच्या खांद्याभोवतीच्या स्नायूंमधले विद्युत संकेत त्यांनी नोंदवले. कधी पाठीवर जादा वजन लादून, कधी चढावर, कधी उतारावर. हेतू असा, की वजन वाढवल्यावर जो स्नायू जास्त जोर लावेल तोच धड पेलणारा. खांद्याभोवती स्नायूंची गर्दी आहे, पण धड तोलून धरण्याचं मुख्य काम सेरेटसच्या छातीकडच्या भागाचं निघालं. थोडक्यात, सॅकमधला जो प्रत्येक ग्रॅम पुढच्या पायांवर येतो, तो हाडावरून हाडावर असा जमिनीपर्यंत पोचत नाही. वाटेत त्याला मांसाच्या पट्ट्यातून जावं लागतं, आणि स्नायूला भार पेलायचा तर ऊर्जा खर्चावी लागते. तो दमतो.

निसर्गाने असा महागडा बेत का केला असेल? फायदा धावण्यात आहे. खवाटा सांध्यात अडकलेला नसल्यामुळे तो स्वतःच पुढेमागे झुलतो. जर्मनीत येना विद्यापीठात मार्टिन फिशर यांच्या गटाने ३२ जातींच्या ३२७ कुत्र्यांच्या चालीचा अभ्यास केला, त्यात वेगवान क्ष-किरण चित्रणही होतं. पुढच्या पायाची टांग लांब करण्यात सर्वांत मोठा वाटा खवाट्याचा आहे, हे त्यातून दिसलं. ज्याला आपण कुत्र्याचा खांदा म्हणून दाखवतो तो सांधा त्या मानाने दुय्यम. उडी मारून उतरताना बसणारा धक्काही हीच झोळी पचवते.

आता सॅककडे. कुत्रा पाय पुढे टाकतो तेव्हा खवाट्याचं खालचं टोक पुढे जातं आणि वरची कड मागे सरकते. म्हणजे कुत्रा शांत उभा असताना खवाट्याच्या अगदी मागे, चपखल बसलेली दिसणारी सॅक, तो चालू लागला की प्रत्येक पावलाला खवाट्याच्या मागच्या कोपऱ्याला अडते. हे टाळायला माप घेण्याची पद्धत बदलावी लागते. कुत्र्याचा पुढचा पाय हलकेच धरून पुढे घ्या, मग वरच्या बाजूला बोटांनी चाचपत खवाट्याचा मागचा कोपरा शोधा. वजनाचे कप्पे त्याच्या मागे सुरू व्हायला हवेत. वरची मऊ पट्टी खवाट्यांच्या मधल्या उंचवट्यावरून गेली तर चालते, तिच्यात भार नसावा.

मग सॅक सरळ मागेच का सरकवू नये? कारण मागे दुसरा धोका आहे. कुत्र्याला बरगड्यांच्या १३ जोड्या असतात. त्यांच्यामागे कमरेचे सात मणके, त्यांना खालून बरगड्यांचा काहीच आधार नाही. त्यातही एक बारकावा मला फार आवडतो. पुढच्या बरगड्यांच्या जोडीत, डाव्या बरगडीच्या टोकापासून उजव्या बरगडीच्या टोकापर्यंत, मणक्यांमधल्या गादीच्या वरून एक आडवा अस्थिबंध जातो. इंटरकॅपिटल लिगामेंट हे त्याचं नाव. मज्जारज्जू आणि गादी यांच्या मधे तो अडसर घालतो, त्यामुळे छातीच्या या भागात गादी सरकून मज्जारज्जूवर दाब येण्याचे प्रकार विरळ असतात. अकराव्या बरगडीच्या मागे हा अस्थिबंध नाही, आणि कुत्र्यांमध्ये गादी सरकण्याचे प्रकार छाती जिथे संपते आणि कंबर जिथे सुरू होते, त्या भागातच सर्वाधिक आढळतात. म्हणून भाराची जागा ठरून जाते: पुढच्या बाजूला मागे सरकलेल्या खवाट्याची हद्द, मागच्या बाजूला साधारण दहाव्या-अकराव्या बरगडीची. मध्यम आकाराच्या कुत्र्यात ही जागा जेमतेम वीतभर भरते. दुकानातल्या कित्येक सॅक यापेक्षा लांब असतात. शेवटच्या बरगडीच्या मागे जाणारी सॅक कितीही देखणी असली तरी परत ठेवावी.

ओझं चुकीच्या जागी टेकवण्याची चूक नवी नाही. १५४१ साली कोरोनादोची स्पॅनिश मोहीम उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांत शिरली, तेव्हा गव्यांच्या मागे फिरणारे लोक तिला भेटले. त्यांच्याकडे घोडे नव्हते, ओझी कुत्री वाहत होती. या कुत्र्यांच्या पाठीवर खोगिरासारखं काहीतरी चामड्याच्या वाद्यांनी आवळलेलं असे आणि ओझ्याच्या जनावरांसारखी त्यांची खांद्याच्या उंचवट्यावरची कातडी सोलवटलेली असे, अशी नोंद त्या मोहिमेच्या कागदपत्रांत आहे. तिथलीच कुत्री ट्रॅव्हॉइसही ओढत: दोन लांब दांडे, एक टोक कुत्र्याच्या खांद्याशी, दुसरं जमिनीवरून फरफटत. यात ओझ्याचा मोठा हिस्सा जमीनच पेलते, आणि कुत्र्याला मागच्या पायांनी रेटा द्यायचा असतो. मागचे पाय सांध्यांनी मणक्याला जोडलेले आहेत, त्यांना ते झेपतं. हिमप्रदेशातही कुत्र्यांच्या पाठीवर लादण्यापेक्षा त्यांच्याकडून गाडी ओढून घेतात, हे या हिशोबात बसतं.

पट्ट्यांचं थोडक्यात. पुढचा पट्टा छातीच्या मधल्या हाडाच्या टोकावर टेकणारा, समोरून इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसणारा हवा. आडवा पट्टा खांद्याच्या सांध्यावरून जातो. पण नुसता आकार पाहून भुलू नका. काही वर्षांपूर्वी ‘व्हेटरनरी रेकॉर्ड’ या ब्रिटिश नियतकालिकात हार्नेसवर एक अभ्यास आला होता. ‘खांदा मोकळा ठेवणारा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या हार्नेसनेही खांद्याचं पुढे उलगडणं कमी केलं, आणि तेही आडव्या पट्ट्यावाल्यापेक्षा जास्त! तेव्हा वेष्टनावरच्या मजकुरापेक्षा आपल्या कुत्र्याला चालवून पाहिलेलं बरं. पोटाखालचा पट्टा कोपरापासून दोन-तीन बोटं मागे, बरगड्यांवर यावा. फार पुढे आला तर काखेतली पातळ कातडी सोलते, फार मागे गेला तर मऊ पोट आवळतं. पट्ट्याखाली दोन बोटं सपाट शिरली पाहिजेत.

इथेच काळ्या दोऱ्याबद्दलही सांगून टाकतो. नजर लागू नये म्हणून कुत्र्याच्या गळ्यात किंवा छातीभोवती दोरा बांधणारे सुशिक्षित लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. कुत्र्याला नजर लागत नाही. दोरा पट्ट्याखाली सापडला, धुळीने माखून ओला झाला आणि दिवसभर घासला, की जखम मात्र नक्की होते.

अंगकाठीप्रमाणे सॅक बदलते. बाजारातले साचे बहुतेक लॅब्रॅडॉरसारख्या रुंद, गोल छातीवर बेतलेले असतात. आपली गावठी कुत्री किंवा कारवानी (कारवान हाउंड ही शिकारी जात) यांची छाती खोल, अरुंद आणि पोट आत गेलेलं. कारवानीच्या पाठीवर चरबी अगदी कमी, मणक्यांची टोकं हाताला लागतात. अशा कुत्र्याला पाठीच्या मधोमध मोकळी पन्हळ असलेली सॅक हवी, म्हणजे दाब मणक्यांवर न येता दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर पडतो. कप्पे पाठीच्या रेषेखाली लोंबू द्यावेत. गुरुत्वमध्य वर राहिला तर जरा कललेली सॅक आणखी कलते, खाली राहिला तर ती आपोआप मूळ जागी येते. कप्पे कोपराला मात्र लागता कामा नयेत.

वजनाबद्दल ‘शरीराच्या दहा टक्के’ हा आकडा सगळीकडे फिरतो. काही जण धडधाकट, सरावलेल्या कुत्र्यासाठी २५ टक्क्यांपर्यंत जातात. हे आडाखे आहेत, निसर्गनियम नव्हेत. दुडक्या चालीत कुत्र्याच्या एकेका पुढच्या पायावर क्षणभर त्याच्या सगळ्या वजनाइतका जोर येतो. २५ किलोच्या कुत्र्याला अडीच किलोची सॅक दिली, की ती प्रत्येक पावलाला अशीच वाढीव भरते. उतारावर भार आणखी पुढे सरकतो, आणि आपल्या गडांच्या दगडी पायऱ्या तर उतार कमी, उड्या जास्त अशा. मी म्हणेन, दहा टक्के ही सुरुवात न मानता कमाल मर्यादाच माना. तेवढ्यात कुत्र्याचं स्वतःचं पाणी बसतं. २५ किलोच्या कुत्र्याला आरामात बसून राहिला तरी दिवसाला सव्वा ते दीड लिटर पाणी लागतं. दोन्ही बाजूंना एकेक लिटर ठेवलं की दोन किलो झाले, संपलं. पाणी दोन्ही बाजूंचं आळीपाळीने वापरावं आणि पिशवीतली हवा काढून टाकावी, नाहीतर अर्धी पिशवी हिंदकळत राहते. तंबू तुम्ही उचला. आणि सॅक घातली की कुत्र्याचा अवखळपणा कायमचा जातो, असं विकणारे म्हणतात, ते सोडून द्या. दमलेलं कुत्रं गप्प बसतं, एवढंच.

उष्णतेचं प्रकरणही छातीशीच जोडलेलं आहे. कुत्र्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांना. थंड होणं मुख्यतः धापा टाकण्यावर. १९६२ साली क्रॉफर्ड या शास्त्रज्ञाने दाखवलं, की कुत्रा हव्या त्या गतीने धापा टाकत नाही. छाती आणि फुप्फुसांच्या लवचिकतेतून जी नैसर्गिक वारंवारता ठरते, मिनिटाला ३०० च्या आसपास, तिच्यावरच तो धापा टाकतो, कारण त्या गतीला सर्वांत कमी श्रम पडतात. छातीभोवती आवळलेला पट्टा तिचा ताठपणा वाढवतो आणि वर जाड कापडाचं आच्छादन उष्णता कोंडतं. दुपारच्या कातळावर म्हणूनच सॅक उतरवावी.

नवी सॅक आधी रिकामी घालून घरात, मग रोजच्या फेरीत वापरावी. कुत्र्याला चालताना बाजूने मोबाइलवर चित्रित करा, एकदा सॅकशिवाय, एकदा सॅकसह, आणि पुढच्या पायाची झेप शेजारी ठेवून पाहा. परतल्यावर पट्ट्यांच्या जागी केस तुटलेत का, कातडी लाल आहे का, हे बोटांनी उलटं कुरवाळत तपासा. पग, बुलडॉग यांना सॅक नको, त्यांचा श्वासच आखूड. डॅशहुंडलाही नको: त्याच्या १२व्या गुणसूत्रावर एका जनुकाची जादा प्रत आहे, तिच्यामुळे मणक्यांमधल्या गाद्या लहान वयातच टणक होऊन सरकतात. मोठ्या जातीच्या पिल्लांच्या हाडांच्या टोकांजवळच्या वाढीच्या चकत्या दीड वर्षापर्यंतही कूर्चेच्या असू शकतात, तोवर त्यांनी मोकळंच हुंदडावं. म्हातारा, सांधे धरलेला कुत्रा असेल तर त्याचं पाणी तुमच्या सॅकमध्ये.