युद्धाचा निर्णय लष्करप्रमुख घेत नाहीत

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, खानापूर-निपाणीकडच्या कित्येक घरांत फौजी आहेत. तरी कट्ट्यावर वर्षानुवर्षं ऐकू येतं, 'लष्करप्रमुखांनी ठरवलं की युद्ध.' हे साफ चूक आहे. प्रमुख सल्ला देतात, तयारी कितपत आहे ते सांगतात. निर्णय पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची मंत्रिमंडळाची सुरक्षाविषयक समिती घेते. राष्ट्रपती सर्वोच्च सेनापती खरे, पण तेही मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालतात.

कारगिलच बघा. हवाई दलाला परवानगी मिळाली २५ मे १९९९ ला, याच समितीकडून, आणि दुसऱ्या दिवशी हल्ले सुरू झाले. वर अट होती, नियंत्रण रेषा ओलांडायची नाही! उंच शिखरांवर मारा करताना वैमानिकांना त्या मर्यादेतच दिशा आखावी लागली.