कोरोना झाला की ऑपरेशनला ७ आठवडे थांबा, हे आलं कुठून?

२०२१ च्या मे महिन्यात आमच्या मामांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलेलं, बॅगही भरून झालेली, आणि आदल्या दिवशी स्वॅब पॉझिटिव्ह. ना ताप ना खोकला. मामा म्हणे मला काही होत नाहीये, उरकून टाका एकदाचं. भूलतज्ज्ञ मॅडमनी सरळ सांगितलं, ७ आठवड्यांनी या. घरात सगळ्यांना वाटलं उगाच घाबरवतायत. नंतर शोधत बसलो तेव्हा कळलं की हा ७ चा आकडा तेव्हा जेमतेम २ महिन्यांचा होता.

सुरुवात वुहानपासून. १ जानेवारी ते ५ फेब्रुवारी २०२० या काळात तिथल्या ४ हॉस्पिटलांत ३४ जणांची ठरवून केलेली ऑपरेशनं झाली, आत विषाणू शिरलेला पण लक्षणं काहीच नाहीत, त्यामुळे कुणाला पत्ताच नाही. ऑपरेशन झालं आणि मग सगळ्यांनाच न्यूमोनिया झाला, १५ जणांना आयसीयूत हलवलं, ७ गेले. आकडा छोटा आहे मान्य, पण ठरवून केलेल्या ऑपरेशनात ३४ पैकी ७ जण जाणं म्हंजे कुठल्याही सर्जनची झोप उडणारच.

मग मे २०२० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातून चालवलेल्या कोविडसर्ज या संशोधक गटाचा अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. २४ देश, २३५ हॉस्पिटलं, ऑपरेशनच्या आसपास कोरोना निघालेले १,१२८ पेशंट. निम्म्याहून जास्त लोकांना (५१.२ टक्के) फुप्फुसाचा त्रास झाला आणि ३० दिवसांत २३.८ टक्के दगावले, त्यातही पुरुष आणि सत्तरीच्या पुढचे जास्त. 'कोरोनात ऑपरेशन केलं तर चारातला एक जातो' हे जे तेव्हा कानावर यायचं ते बहुतेक इथूनच आलेलं, पण त्यात एक गोम होती. यातली ७४ टक्के ऑपरेशनं इमर्जन्सीची होती, आणि तेव्हा टेस्टच कमी व्हायच्या, म्हणजे ज्यांना अगदी हलका कोरोना झाला ते मोजणीत आलेच नसणार. तरी ठरवून केलेल्यांतही १८.९ टक्के मृत्यू होते, त्यामुळे दुर्लक्ष करण्यासारखं अजिबात नव्हतं.

फुप्फुसच का? भुलीत फुप्फुसाचे खालचे भाग तसेही मिटतात, टाके दुखतात म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कफ साचतो. म्हणून तर निरोगी माणसालाही ऑपरेशननंतर श्वासाच्या व्यायामाचं ते ३ बॉलवालं यंत्र ओढायला देतात. त्यात आधीच विषाणूने सुजलेलं फुप्फुस, ऑपरेशनच्या ताणाने खाली गेलेली प्रतिकारशक्ती, आणि वर रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती (कोरोनातही होतात, ऑपरेशननंतर पडून राहिल्यानेही होतात), सगळं एकदमच.

मग काय, सगळीकडे ऑपरेशनं पुढे ढकलली. आपल्याकडे केंद्राची सूचना २० मार्च २०२० लाच आली होती. जगभरात १२ आठवड्यांत २ कोटी ८४ लाख ऑपरेशनं रद्द होतील किंवा लांबतील असा त्याच गटाचा अंदाज होता, भारतात ५ लाख ८० हजारांच्या वर. पण कॅन्सरची गाठ लॉकडाऊन संपायची वाट बघत नाही. परळच्या टाटा मेमोरियलने २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० मध्ये कॅन्सरची ४९४ मोठी ऑपरेशनं केली, नंतर ६ जण पॉझिटिव्ह निघाले, दगावलं कुणीच नाही. मला वाटतं सरसकट सगळं बंद ठेवायचं कारण नव्हतं हे त्या दिवसांत इतक्या ठळकपणे दाखवणारं हे मुंबईचंच काम, आणि त्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही.

७ चा आकडा आला मार्च २०२१ मध्ये. पुन्हा तोच गट, पण आता ११६ देश आणि १ लाख ४० हजारांवर पेशंट, सगळे ऑक्टोबर २०२० मध्ये ऑपरेशन झालेले. कोरोना न झालेल्यांत मृत्यू १.५ टक्के. कोरोना होऊन २ आठवडे व्हायच्या आत ऑपरेशन झालं तर ४.१, पाचव्या-सहाव्या आठवड्यातही ३.६, आणि ७ आठवडे उलटले की परत १.५. इतकं सरळ. फक्त ७ आठवड्यांनंतरही दम लागणं, खोकला वगैरे लक्षणं चालूच असतील तर ६ टक्के, हे मात्र नियम सांगताना बऱ्याचदा राहून जायचं.

पण हे सगळे लोक लस यायच्या आधीचे. पुढे लस आली, ओमायक्रॉन आला, आणि २०२३ मध्ये अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने धोका कमी असलेल्या पेशंटसाठी २ आठवडे पुरेत असं म्हटलं, बाकीच्यांचं २ ते ७ आठवड्यांत पेशंट बघून ठरवायचं. इमर्जन्सीला हे आठवडे कधीच लागू नव्हते, अपेंडिक्स फुटलं तर ऐन लाटेतही डॉक्टर पीपीई किट घालून पोट उघडतच होते.