ज्ञान व्यवस्थापन

संस्थेतील माणसांचे अनुभवजन्य ज्ञान व दप्तरी असलेली माहिती टिपून, पडताळून इतरांच्या उपयोगी पडेल अशा रीतीने ठेवण्याची पद्धत. १९९० च्या दशकापासून ती बव्हंशी संगणकजालांच्या आधारे राबवली जाते.

या संकल्पनेच्या उगमाविषयी एकमत नाही. कार्ल विग यांनी १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या परिषदेत ही संज्ञा वापरल्याचे सांगितले जाते. त्याच वर्षी स्वीडनमध्ये कार्ल-एरिक स्वेबी यांचे ज्ञानाधारित कंपन्यांवरील पुस्तक सहलेखकासह निघाले. काही अभ्यासक व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांच्या १९५९ मधील ‘ज्ञानकर्मी’ या कल्पनेपर्यंत मागे जातात. परंतु ड्रकर यांचा रोख ज्ञानावर उपजीविका करणाऱ्या वर्गावर होता, संस्थेतील ज्ञानाच्या जतनावर नव्हता. त्यामुळे १९८० च्या दशकाचा उत्तरार्ध हाच आरंभकाळ मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

खरा वाद अव्यक्त, म्हणजे सहज शब्दांत सांगता न येणाऱ्या, ज्ञानाचा आहे. माणसाला सांगता येते त्याहून अधिक ठाऊक असते, असे तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यी यांचे म्हणणे होते. इकुजिरो नोनाका व हिरोताका ताकेउची यांनी १९९५ मध्ये असे ज्ञान शब्दांत आणता येते, असा सिद्धांत मांडला. त्यांचे गाजलेले उदाहरण मात्सुशिता कंपनीच्या घरगुती पावयंत्राचे. ओसाकातील एका हॉटेलच्या मुख्य पाव कारागिराकडे कंपनीची अभियंता शिकली. तो कणीक ताणताना पीळही देतो हे तिने हेरले आणि ती क्रिया यंत्रात उतरवली. रॉड्रिगो रिबेरो व हॅरी कॉलिन्स यांनी २००७ मध्ये यावर आक्षेप घेतला: कारागिराचे सगळे कसब यंत्रात आलेले नाही, उरलेले काम वापरणारी माणसेच निभावतात. हा आक्षेप ग्राह्य दिसतो.

संगणकीय साधनांपैकी झेरॉक्स कंपनीची ‘युरेका’ प्रणाली विशेष उल्लेखनीय. यंत्रदुरुस्ती करणारे तंत्रज्ञ अडचणींवरचे उपाय पुस्तिकांपेक्षा आपापसातल्या गप्पांतून शिकतात, हे मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांच्या क्षेत्राभ्यासात दिसले होते. युरेकात तंत्रज्ञच उपाय लिहीत, सहकारी ते तपासत आणि नोंदीवर लिहिणाऱ्याचे नाव राही. फ्रान्समध्ये तिचा प्रयोग मिनिटेल या तेथील दूरध्वनी-तारांवरून चालणाऱ्या माहितीजालावर झाला. नोंदींची विश्वासार्हता तंत्रज्ञानापेक्षा या तपासणीतून आली.

भारतात इन्फोसिसने ‘के-शॉप’ हे अंतर्गत ज्ञानभांडार उभारले. ज्ञान व्यवस्थापन प्रणालींसाठीचे आयएसओ ३०४०१ हे आंतरराष्ट्रीय मानक २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.